आखाजी परदेशात टिकवायची असेल तर फिलिपिनो शेजाऱ्यांकडे बघा

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागे आपल्या वाचकांच्या पत्रांत एका काकांनी लिहिलं होतं की पोरं दुबई-अमेरिकेला गेली तशी आखाजी म्हणजे आपली खान्देशातली अक्षय्य तृतीया गेली, श्रावणातला कानबाई देवीचा सण गेला, आता आखाजीला पितरांची घागर भरायला पण घरात दोन म्हातारी माणसंच उरली. ते पत्र आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बरंच फिरलं, सगळ्यांनी हो ला हो केलं. मला मात्र ते अर्धंच पटलं. पोरं लांब गेली हे खरंय, पण लांब गेलं की सण संपतोच असं काही नाही, कारण तो टिकवून दाखवलेला मी स्वतः बघितलाय, आणि टिकवणारे आपले लोक नव्हते, फिलिपाइन्सचे होते. म्हणून हे पत्र लिहायला बसले. लांबलंय, जागा असेल तेवढं छापा, पण मधला स्वयंपाकाचा भाग तेवढा कापू नका, मला जे सांगायचंय ते सगळं त्यातच आहे.

माझा मुलगा आणि सून दुबईला करामा भागात राहतात. नातू लहान होता म्हणून एक अख्खा हिवाळा मी त्यांच्याकडे होते. करामा म्हणजे आपल्याच लोकांनी भरलेला, खाली किराणावाला केरळचा, इस्त्रीवाला यूपीचा, आणि आमच्या समोरच्याच फ्लॅटमधे फिलिपिनो बायका राहायच्या. एका घरात पाच-सहा जणी, एकावर एक पलंग, प्रत्येकीच्या पलंगाला एक पडदा आणि एक कपाट, बास, तेवढीच काय ती तिची जागा. कोणी दवाखान्यात नर्स, कोणी मॉलमधे सेल्सला, एक जण पार्लरमधे. सगळ्यांत मोठी होती ती नर्स, तिला बाकीच्या अते म्हणायच्या, त्यांच्यात मोठ्या बहिणीला तसं म्हणतात, मग आम्ही पण अतेच म्हणायला लागलो. ती दुबईच्या आधी बरीच वर्षं सौदीत होती, आणि तिची एक बहीण हाँगकाँगला घरकाम करते.

आपल्याला वाटतं घर सोडून राहायचं दुःख आपल्याच वाट्याला आलंय. त्यांचं बघा. १९७४ साली त्यांच्या सरकारने कामगार कायदाच असा केला की लोकांना परदेशी कामाला पाठवणं हे सरकारी धोरणच झालं, तेव्हा आखातात तेलाचा पैसा आला होता आणि माणसं हवी होती. त्यांच्या सरकारी पाहणीप्रमाणे २०२३ मधे साधारण २१ लाख ६० हजार फिलिपिनो परदेशी कामाला होते, त्यात निम्म्याहून जास्त बायका, आणि सगळ्यांत जास्त सौदीत, त्याखालोखाल अमिरातीत. म्हणजे आई परदेशी, पोरं आजीकडे, असं पन्नास वर्षं चाललंय, दोन पिढ्या झाल्या. त्यामुळे परक्या गावात सण कसा करायचा हे त्यांच्यात आता ज्याला त्याला येतं, नवीन आलेल्या पोरीला जुन्या शिकवतात.

त्यांचा मोठा सण नाताळ. स्पेनचं राज्य तिथे तीनशेवर वर्षं होतं, त्यामुळे बहुतेक लोक कॅथलिक. आणि आपला भुसावळचा रेल्वे कॉलनीतला नाताळ मी लहानपणापासून बघितलाय, पण यांचा काही वेगळाच, सप्टेंबर लागला की यांचा नाताळ लागतो. खरंच सांगते, सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंतच्या महिन्यांना त्यांच्यात नावच आहे आणि १ सप्टेंबरपासून गाणी सुरू होतात, ते पुढे जानेवारीत तीन राजांचा सण होईपर्यंत चालतं. मी गेले तेव्हा त्यांच्या दारावर कागदी चांदणी लटकलेली होती, तिला पारोल म्हणतात, बांबूच्या काड्यांचा पाच टोकांचा सांगाडा आणि त्यावर पातळ रंगीत कागद, आत दिवा. पंपांगा प्रांतात सान फर्नांदो म्हणून गाव आहे तिथे तर घराएवढाल्या पारोलची स्पर्धा असते, हजारो दिवे लावलेल्या. दुबईत बांबू कुठून आणणार, तर पोरींनी बार्बेक्यूच्या काड्या दोऱ्याने बांधून केली होती. विकतची मिळते तिथे, लाइटवाली, महाग पण नाही. तरी दर वर्षी एक हाताने करायचीच, आणि ती घरात सगळ्यांत नवीन आलेल्या पोरीने करायची हा त्यांचा नियम.

१६ डिसेंबरपासून त्यांची सिंबांग गाबी सुरू होते, म्हणजे ओळीने नऊ दिवस चर्चमधे प्रार्थना. त्यांच्या गावाकडे ही पहाटे चारच्या सुमारास असते, कारण शेतकऱ्यांना उजाडायच्या आत शेतात जायचं असायचं, म्हणून आधी देव मग शेत. आपल्या काकडआरतीची वेळ. प्रार्थना सुटली की चर्चच्या बाहेर गरमागरम बिबिंका आणि पुतो बुंबोंग, हे त्यांचे तांदळाचे गोड पदार्थ, विकायला बसलेले असतात, ते खायचं आणि कामाला जायचं. आता दुबईत पहाटे चारला कोणाची ड्युटी सुटलेली, कोणाची लागायची, म्हणून तिथे ऊद मेथा भागातल्या सेंट मेरी चर्चमधे ती संध्याकाळी होते, आणि एवढी गर्दी की लोक बाहेर अंगणात उभे. पहाटेची संध्याकाळ केली, पण नऊचे आठ नाही केले बरं का. अतेची एक दिवस डबल ड्युटी लागली तर तिने एका मैत्रिणीच्या हातापाया पडून दोन तास बदलून घेतले पण नऊ पूर्ण केले. नऊच्या नऊ झाले की मनातली एक इच्छा पुरी होते असं त्यांच्यात मानतात.

आता स्वयंपाक. मी माळकरी आहे, अंडं पण खात नाही, हे सुनेने त्यांना एकदाच सांगितलं होतं. २३ तारखेला संध्याकाळी अतेने दार वाजवलं आणि खुणेने बोलावलं. त्यांच्या त्या एवढ्याश्या किचनमधे चार बायका उभ्या, आणि ओट्यावर केळीची पानं. मला इतका आनंद झाला, कारण आम्ही मूळचे रावेरकडचे, केळीच्याच बागांत वाढलो, आणि तिथे ती पानं प्लास्टिकच्या पाकिटात, फ्रीझरमधून काढलेली, पाकिटावर किंमत चिकटवलेली. आपल्याकडे घड निघाला की पानं बांधावर पडून वाळतात, कोणी ढुंकून बघत नाही. त्यांच्याकडे मिंदानाओ बेटावर दावाओ म्हणून भाग आहे तिथून जगभर केळी जातात, ती पण आपल्यासारखी कॅव्हेंडिश जातीचीच. मी मोबाईलवर आमच्या भावाच्या बागेचा फोटो दाखवला तर सगळ्याजणी अगदी ओळखीचं काही दिसल्यासारख्या बघायला लागल्या, आणि मग आमची गट्टीच जमली.

त्या दिवशी सुमान करायचं होतं. चिकट तांदूळ रात्रीच भिजत घातलेला, तो नारळाच्या दुधात, चवीला मीठ घालून, मंद गॅसवर हलवत राहायचा, दूध सगळं तांदळात मुरेपर्यंत, तांदूळ मात्र अर्धा कच्चाच ठेवायचा. एकीकडे पान गॅसच्या जाळावरून झरझर फिरवायचं. जाळ लागला की पानाचा रंग गडद होतो, वर चकाकी येते आणि कडक पान एकदम मऊ पडतं, मग कशीही घडी घाला फाटत नाही. हे मला कोणी सांगावं लागलं नाही, मी त्यांच्या हातातून पान घेतलं आणि शेकायलाच लागले. मग एक मोठा चमचा तांदूळ पानावर, लांबट गुंडाळी, दोन्ही टोकं खाली दुमडायची, आणि दोन दोन गुंडाळ्या पोटाला पोट लावून दोऱ्याने बांधायच्या. मोठ्या पातेल्यात तासभर उकळल्या. उघडल्यावर जो वास आला तो अख्ख्या मजल्यावर पसरला. वरून साखर भुरभुरून खायचं, आंबा असेल तर आंब्यासोबत. अतेने माझ्यासाठी वेगळं पातेलं ठेवलं होतं, त्यात दुसरं काही शिजवलेलं नाही असं दोनदा सांगितलं. परक्या मुलखात परक्या बाईने माझ्या माळेची एवढी काळजी घ्यावी, मला फार भरून आलं.

बाकीचे पदार्थ बघितले, खाल्ले नाहीत. बिबिंका म्हणजे तांदळाच्या पिठाचा केक, खरा तो मातीच्या भांड्यात केळीच्या पानावर ओततात आणि खाली पण निखारे वर पण निखारे ठेवून भाजतात. दुबईच्या फ्लॅटमधे निखारे कुठले, तर त्या ओव्हनमधे करायच्या, पण पान मात्र खाली अंथरायच्याच, कारण तो वास पानाचा असतो. पुतो बुंबोंग बांबूच्या नळीत वाफवतात, जांभळा होतो, पूर्वी त्यासाठी जांभळट काळा तांदूळच असायचा. यांच्याकडे नळी नव्हती, वाट्यांमधे वाफवला, रंगाला जांभळा कंद घातला, वर खोबरं आणि काळपट साखर. हॅमचं पण तसंच. दुबईत डुकराचं मांस सुपरमार्केटच्या वेगळ्या खोलीत मिळतं, सौदीत मिळतच नाही, मग अते तिथे कोंबडीचं हॅम करायची. आणि सौदीत तेव्हा चर्चच नाही, उघड सण करायची सोय नाही, तर त्या बायका एका खोलीत जमायच्या, पडदे ओढून, गाणी अगदी हळू म्हणून नाताळ करायच्या, तरी ताटात पानसित म्हणजे त्यांच्या शेवया आणि एक गोड पदार्थ हवाच. हाँगकाँगच्या बहिणीचं सांगितलं ते पण ऐका. तिथे जवळपास दोन लाख फिलिपिनो बायका घरकामाला आहेत, राहायचं मालकाच्याच घरात, स्वतःचं घरच नाही तर सण कुठे करणार. तर रविवारी सुट्टीच्या दिवशी त्या शहराच्या ऐन मध्यात, जिथे बँकांच्या उंच इमारती आहेत तिथल्या रस्त्यावर पुठ्ठे अंथरून बसतात, तो रस्ता रविवारी गाड्यांना बंद असतो, आणि डबे उघडून एकमेकींचं वाढून घेतात. नाताळ पण तसाच. घर नाही, चूल नाही, तरी जेवणाची पंगत आहे.

२४ ची रात्र मी कधी विसरणार नाही. मध्यरात्री जेवायचं असतं, त्याला नोचे बुएना म्हणतात, प्रार्थना झाल्यावर सगळं घर एका टेबलाला. पण फिलिपाइन्सचं घड्याळ दुबईच्या चार तास पुढे. म्हणजे गावाकडे बारा वाजले की दुबईत आठ. म्हणून त्या दोनदा जेवतात. आठला प्रत्येकीने आपापला फोन भिंतीला टेकवून उभा केला, तिकडे घरची माणसं ताटावर बसलेली, इकडे या, आणि दोन्हीकडे एकाच वेळी पहिला घास. अतेचा मुलगा अकरावी-बारावीच्या वयाचा असेल, आजीकडे वाढलाय, त्याने कॅमेऱ्यात ताट दाखवलं आणि अतेने त्याला विचारलं लेचे फ्लान, म्हणजे त्यांचं कॅरॅमल पुडिंग, कोणी केलं, आजीने की तू, तर तो म्हणाला मी, तू मागच्या वर्षी फोनवर सांगितलं तसं. अते तेव्हा रडली नाही, तिने त्याला उलटून दाखव म्हणून सांगितलं, नीट सुटलंय का खालून ते बघायला. मग बाराला दुसऱ्यांदा सगळ्या बसल्या, तेव्हा बिल्डिंगमधले जे कोणी जागे होते ते सगळे. वॉचमन पण. जाताना लहान पोरींनी माझा हात धरून स्वतःच्या कपाळाला लावला, मोठ्यांच्या पाया पडायची त्यांची ती रीत, आणि मी पण आशीर्वाद दिला, मराठीतच दिला.

३१ तारखेला परत जेवण, बारा महिन्यांची बारा गोल फळं टेबलावर, गोल म्हणजे पैसा, अंगावर पण गोल ठिपक्यांचे कपडे, आणि बारा वाजता लहान पोरांनी उड्या मारायच्या म्हणजे उंची वाढते. आमच्या नातवाने पण मारल्या.

एक गोष्ट राहिली, खोक्याची. प्रत्येकीच्या पलंगाखाली एक मोठा पुठ्ठ्याचा खोका, बालिकबायन बॉक्स, त्यात वर्षभर थोडं थोडं भरत राहायचं, साबण, टूथपेस्ट, चॉकलेट, टॉवेल, डबाबंद मटण, पोराचे बूट. जहाजाने जातो, पैसे वजनावर नाही खोक्याच्या साइजवर, म्हणून ठासून भरायचा, पण पोचायला आठवडेच्या आठवडे लागतात, म्हणून नाताळसाठीचा खोका ऑक्टोबरच्या आसपास निघालाच पाहिजे. त्यांच्याकडे परदेशी गेलेली बाई घरच्यांना सणाचं सामान पाठवते. आपल्याकडे उलट आहे, इथून आई बिबडे, पापड, काळा मसाला, कुरडया किलोवर कुरिअरचे पैसे भरून पाठवते. पाठवा, जरूर पाठवा, मी पण पाठवते. पण मसाला पाठवला आणि भाजी कशी करायची ते नाही शिकवलं तर तो डबा तिकडे फ्रीजमधे वर्षभर पडून राहतो, हे मी आपल्याच लोकांच्या दोन-चार घरांत डोळ्याने बघितलंय.

आता मूळ मुद्द्यावर येते. त्याच हिवाळ्यात आपल्या लोकांच्या एका मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम होता, आम्ही गेलो होतो. मोठा हॉल, स्टेज, पाहुणे, सत्कार, शाली, दोन तास भाषणं, मग केटररचं जेवण, पनीरची भाजी आणि गुलाबजाम. तीळगूळ पाकिटातला. करणाऱ्या लोकांनी कष्ट घेतले होते, मी नाव ठेवत नाही, पण पोरं सगळी बाहेर मोबाईलवर होती आणि घरी येताना नातवाला विचारलं आज काय होतं तर त्याला सांगता येईना. त्याच पोराला समोरच्या घरातलं सुमान कसं बांधतात ते आजही येतं, कारण त्याच्या हातात दोरा दिला होता. मला वाटतं एवढाच फरक आहे. त्यांच्या नाताळात प्रेक्षक कोणीच नसतो. येणाऱ्या प्रत्येकाने एक पदार्थ करून आणायचा, आधी ग्रुपवर ठरतं कोण काय करणार, ज्याला काहीच येत नाही त्याने बर्फ आणि प्लेटा आणायच्या आणि पुढच्या वर्षी शिकायचं. पुरुष पण करतात, बार्बेक्यू त्यांच्याकडे, भांडी पण.

आणि अजून एक, हे जरा आपल्या वयाच्या लोकांना बोचेल पण लिहिते. परदेशातल्या पोरांचे सण बंद पडायला बऱ्याच वेळा इथले मोठेच कारण असतात. सून विचारते आई, आखाजी बुधवारी आहे, आम्ही शनिवारी केली तर चालेल का, सुट्टी असते. इकडून उत्तर जातं, तिथीला नाही तर कशाला करतेस, नको करू. ती नाही करत. पुढच्या वर्षी विचारत पण नाही. पुरणाचे मांडे भाजायचं मातीचं खापर नाही मग मांडे कसले, जळगावचं हिरवं वांगं नाही मग ते भरीत कसलं, पऱ्हाटीच्या म्हणजे कापसाच्या काड्यांवर भाजलं नाही म्हणजे चवच नाही. अहो, ती वांगी आपल्या जळगावचीच, त्यांना २०१६ मधे जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, ती दुबईला कशी उगवतील? काळं वांगं घ्या, गॅसच्या जाळावर भाजा, हिरव्या मिरच्या-लसूण ठेचा, कांद्याची पात आणि शेंगदाणे घाला, सोबत कळण्याच्या म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरीचं पीठ इथून न्या. इथल्या भरीत पार्टीची चव नाही येणार, पण पोराला भरीत म्हणजे काय ते कळेल. त्या बायकांनी बांबूची नळी नाही म्हणून पुतो बुंबोंग सोडून दिला नाही.

कानबाईचं मी समजू शकते, ते अवघड आहे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते, घरातल्या पुरुषांच्या नावाने मोजून गहू घ्यायचे, त्याचे रोट, आणि ते फक्त भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत. म्हणून तर पुण्याहून, सुरतहून, मुंबईहून लोक गाड्या भरून गावाकडे येतात. जो दुबईत एकटा आहे तो रोट कोणासोबत खाणार. मी म्हणते रोट गावीच राहू द्या, जो नियम आहे तो मोडायला मी सांगणार नाही. पण त्या रविवारी आखातात असलेले चुलत-मावस सगळे एका घरी जमायला, खीर, पुरणपोळी, गंगाफळाची भाजी करायला, कानबाईची गाणी म्हणायला आणि गावाकडची आरती सुरू झाली की फोन उभा करून ठेवायला कोणता नियम आडवा येतो? तिथलं घड्याळ आपल्या दीडच तास मागे आहे. फिलिपिनो बायका चार तासांचा फरक असून दोनदा जेवतात.

मी परत आल्यावर त्या वर्षीची आखाजी सुनेने केली. सांगून केली, शनिवारी केली. धरणगाव, चोपडा, शिरपूरकडची तीन-चार कुटुंबं शोधून काढली, प्रत्येकाला एक पदार्थ वाटून दिला, कोणाकडे कुरडया तळायच्या, कोणाकडे सांजोऱ्या, आमरस मुलाकडे. घागर साधी मातीची, तिथल्या कुंड्यांच्या दुकानातून आणली, तिच्यावर आंबा ठेवला, आजोबांचं नाव घेतलं. झोका बांधायला निंबाचं झाड नाही तर खालच्या बागेतल्या झोक्यावर बायकांनी गौराईची गाणी म्हटली, मोठ्याने म्हटली. समोरच्या पोरी सगळ्या आल्या होत्या, आणि अतेने पुरणाचे मांडे करताना बघितले तर ती हात धुऊन पुढेच आली. मांडा हातांवर फिरवत कोपरापर्यंत पसरवायचा म्हणजे काय, आपल्याकडे पण सगळ्या बायकांना जमत नाही, तिचे पहिले सगळे फाटले. तरी ती शेवटपर्यंत उभी होती, आणि एक नीट जमला तो तिने स्वतःच्या मुलाला फोनवर दाखवला.

तर संपादक साहेब, माझी एक मागणी आहे. आखाजीच्या आधीच्या महिनाभर आपल्या पुरवणीत आठवड्याला एक कोपरा परदेशात राहणाऱ्या खान्देशी लोकांसाठी ठेवा. सणाचं महत्त्व वगैरे लेख नकोत, ते दर वर्षी येतात. त्यांनी कृती लिहावी, मापासकट, आणि जे मिळालं नाही त्याच्या जागी काय घातलं ते स्पष्ट लिहावं, गावठी लसूण नाही तर कोणता, खापर नाही तर काय, दादर ज्वारी नाही तर भाकरी कशाची. किती घरं जमली, कोणी काय आणलं, पोरांना कोणतं काम दिलं ते पण येऊ द्या. आणि इथल्या वाचकांनी, विशेष करून ज्या काकांनी ते पत्र लिहिलं त्यांनी, आपल्या पोराला फोन करून यंदा आखाजीला तुम्ही तिकडे काय करणार एवढं विचारावं, आणि शनिवारी करतो म्हणाला तर हो म्हणावं. सुरुवात म्हणून सुनेची उलट्या लोखंडी कढईवरच्या मांड्यांची कृती वेगळ्या कागदावर लिहून सोबत जोडली आहे, गॅस किती मोठा ठेवायचा आणि मैदा-रवा किती घालायचा ते तिने नीट लिहिलंय, तेवढी जशीच्या तशी छापा.

आपली नेहमीची वाचक,
भुसावळ